बँकॉकच्या स्वस्त हॉटेलातील पाच रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले भाषण)



गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातील आम्ही पाचजणी बँकॉकला जाऊन आलो. तेव्हापासून रस्त्यात, भाजीबाजारात, देवळात जी भेटेल ती मला तेच तीन प्रश्न विचारते. तेथला राजवाडा कसा आहे, हे कोणी विचारत नाही. विचारतात ते असे : "राहिलात कोठे? पडले किती? आणि बरोबर पुरुषमाणूस नसताना भीती नाही का वाटली?" चिटणीसबाईंनी चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी ठरविले की स्थळवर्णन पुस्तकांवर सोपवावे आणि या तीन प्रश्नांचीच उत्तरे द्यावीत. कारण प्रवासाचा बेत झाला की आपल्या बायकांचे घोडे बहुधा मुक्कामाच्या प्रश्नाशीच अडते.

आपल्याकडे 'हॉटेल' म्हटले की डोळ्यांपुढे चहा आणि भजी येतात. राहावयाचे ते नातेवाइकांकडे, नाहीतर धर्मशाळेत. काशीयात्रेला निघालेल्या आपल्या आज्या धर्मशाळेतच उतरत आणि तीन दगडांच्या चुलीवर खिचडी टाकीत. मला गंमत वाटली ती ही, की थायलंडातही हीच चाल होती. तेथे वाटसरूंना टेकण्यासाठी रस्त्याकडेला आणि देवळांच्या आवारात छपराचे उघडे मंडप असतात. त्यांना 'साला' म्हणतात. हा आपलाच 'शाला' शब्द. म्हणजे धर्मशाळेतील अर्धा शब्द आपल्याआधीच तेथे जाऊन पोहोचला आहे.

शब्दांचे म्हणाल तर त्या शहरात आपल्याला परके वाटतच नाही. शहराचे नाव थाई लोक बँकॉक असे घेत नाहीत. ते म्हणतात 'क्रुंग थेप महा नाखोन', म्हणजे देवांचे महानगर. संपूर्ण नाव तर एका दमात म्हणता येणार नाही इतके लांब असून त्यात संस्कृत व पाली शब्दांची माळ आहे. हे नगर इंद्राने दिले आणि विश्वकर्म्याने बांधले, असे त्यात म्हटले आहे. पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसविली. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. गणपतीला तेथे 'फ्रा फिखानेत' म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेशच. आम्ही ज्या भागात राहिलो तेथील मुख्य रस्त्याचे नाव याओवारात, म्हणजे युवराज. त्याच्या पलीकडे कापडबाजाराचा फाहुरात रस्ता आहे. पाचवा राम म्हणजे चुलालाँगकॉर्न राजा. त्याची एक मुलगी लहानपणीच वारली, तिच्या नावाने त्याने हा रस्ता केला. आज त्या रस्त्यावर शीख आणि इतर हिंदी व्यापाऱ्यांची दुकाने आहेत, गुरुद्वारा आहे आणि साड्यांचे तागेही मिळतात.

या शहरात स्वस्त हॉटेले इतकी का, हेही सांगण्याजोगे आहे. तेथे खाओ सान नावाचा एक लहानसा रस्ता आहे. खाओ सान म्हणजे सडलेले तांदूळ. एके काळी तो तांदळाचा बाजार होता. शहराला दोनशे वर्षे झाली त्या १९८२ सालच्या सुमारास पाठीवर पिशव्या टाकून फिरणारे परदेशी तरुण तेथे येऊ लागले. तेथल्या कुटुंबांनी घरातल्या रिकाम्या खोल्या त्यांना भाड्याने दिल्या आणि पाहता पाहता सारा रस्ताच पाहुण्यांचा झाला. पुढे चिनी पेठेतल्या जुन्या दुकानघरांतही असेच घडले. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी ती अरुंद, उंच घरे. मुले नव्या वस्तीत राहावयास गेली की वरच्या मजल्यांच्या खोल्या होतात. आम्ही राहिलो ते अशाच एका घरात.

परंतु तेथे आम्ही दुसऱ्या खेपेस गेलो. पहिले हॉटेल निराळे होते, आणि आजच्या भाषणात मला सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

मुंबईहून रात्री निघालेले विमान पहाटे उतरते. विमानतळावरून शहरात यावयास २०१० पासून रेल्वे आहे. शेवटच्या स्थानकापर्यंत ४५ बात पडतात. आम्ही गेलो तेव्हा एका बातास पावणेतीन रुपये मोजावे लागत होते. खोली मात्र दुपारी दोनलाच ताब्यात मिळते, हा बहुतेक हॉटेलांचा नियम. तोवर सामान खाली ठेवून घेतात. आम्ही सामान ठेवले, तोंडे धुतली, फुलबाजार पाहून आलो आणि दोन वाजता वर गेलो.

पैसे भरण्यापूर्वी दाखविलेल्या चित्रात मोठी खिडकी होती. खोलीत खिडकी नव्हती. जेथे पडदा होता तेथे पडद्यामागे भिंत होती. थंड हवेचे यंत्र चालू होते, गाद्या स्वच्छ होत्या, तक्रार करण्यासारखे दुसरे काही नव्हते. आमच्यापैकी एक शिवणशिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई आहेत. नव्या जागी गेल्या की प्रथम बाहेर पडण्याची वाट पाहावयाची, अशी त्यांची शाळेपासूनची सवय. त्या मागचा जिना पाहावयास गेल्या. दारावर बाहेर धावणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र होते, आणि दाराला कुलूप होते. कुलपाच्या अलीकडे चादरींचे गठ्ठे आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली. किल्ली कोठे आहे असे विचारता खालच्या माणसाने हसून सांगितले, "माझ्यापाशी आहे, चिंता नको." आम्ही चौथ्या मजल्यावर होतो आणि तो तळमजल्यावर.

मग आमची सभा भरली. एक वहिनी म्हणाल्या, "एका रात्रीचे पैसे भरले आहेत, ते परत मिळावयाचे नाहीत. एक रात्र काढू, उद्या पाहू." त्यांचेही खोटे नव्हते. दोन वर्षे भिशी लावून दरमहा दीड-दीड हजार बाजूला टाकून आम्ही हे पैसे उभे केले होते. त्यातला एकेक बात आम्हांला दिसत होता. दुसऱ्या एकीने त्यांना दुजोरा दिला. शिवणबाई एवढेच म्हणाल्या, "भाडे गेले तर भाडेच गेले." दोघी राहण्याच्या बाजूच्या, तिघी निघण्याच्या. आम्ही निघालो. मालकाने पैसे परत दिले नाहीत. खोल्यांचे १५०० बात गेले. माणशी ३००, म्हणजे सव्वाआठशे रुपये. त्या सव्वाआठशे रुपयांचे मला आजही काही वाटत नाही, आणि का ते सांगते.

११ जुलै १९९७ रोजी थायलंडातच, पट्टाया येथील एका मोठ्या हॉटेलास आग लागून ९१ माणसे दगावली. पाहुण्यांनी पैसे चुकते न करता निसटू नये म्हणून बाहेर पडण्याची दारे साखळ्या घालून बंद ठेवलेली होती. हे जुने झाले म्हणाल, तर २९ डिसेंबर २०२४ रोजी त्याच खाओ सान रस्त्याजवळच्या एका हॉटेलास आग लागली आणि तीन परदेशी पाहुणे मरण पावले. आणि हे परदेशातच होते असे नाही. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीत करोलबागेतील हॉटेलात १७ माणसे गेली. अशा आगीत बहुतेक बळी ज्वाळांनी जात नाहीत, धुराने जातात. झोपेतच माणूस गुदमरतो. खिडकी नसेल आणि मागचा जिना बंद असेल तर धुराला आणि माणसाला वाट एकच उरते.

म्हणून भगिनींनो, खोली लहान असो, जुनी असो, लिफ्ट नसो, पलंग करकरो. त्यात कमीपणा काही नाही. मात्र खोलीत पाऊल टाकताच तीन गोष्टी पाहाव्या. उघडणारी खिडकी आहे का? मागचा जिना उघडा आहे का आणि आपल्या दारापासून तो कितव्या दारावर आहे? ती दारे मोजून ठेवावीत, कारण धुरात दिसत नाही, हाताने चाचपावे लागते. आणि आपल्या दाराची कडी आतून नीट लागते का? आग लागली तर लिफ्टकडे जाऊ नये. धूर वर चढतो, म्हणून वाकून जावे. बाहेर पडता येत नसेल तर दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून खिडकीशी थांबावे. हे सारे करावयास पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

आता दुसऱ्या हॉटेलाकडे वळू. तेथून चार गल्ल्या पलीकडे, पाच मजली घर. चालविणारी एक सत्तरीची चिनी वळणाची थाई बाई. तिला सगळे 'पा' म्हणत. थाई भाषेत आईबापांच्या थोरल्या बहिणीला असे म्हणतात. आम्हीही तिला 'पा' म्हणू लागलो, आणि तिला ते आवडले. मागचा जिना तिने न विचारता दाखविला. खिडकी गल्लीवर उघडत होती. रात्री दोनपर्यंत खालून कढयांचा खणखणाट येई आणि पहाटे पाचला हातगाड्या सुरू होत. गलबल्याच्या शहरात स्वस्त खोली घेतली की शांतता मिळत नाही. कानांत कापूस घालून झोपावे. तिघींच्या खोलीला ११०० आणि दोघींच्या खोलीला ८०० बात. न्हाणीघर खोलीतच होते, आणि शौचकूपाशेजारी पाण्याची नळी होती. थायलंडात ही सोय बहुतेक ठिकाणी असते. जेथे कागदावरच भागवावे लागते अशा देशांच्या तुलनेत आपल्या बायकांना हा मोठाच दिलासा आहे.

पाने आमच्यापुढे नोंदणीची कागदपत्रे ठेवली. २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवावी लागते, आणि १९७९ च्या कायद्यानुसार परदेशी पाहुणा आल्याची वर्दी २४ तासांत सरकारला द्यावी लागते. म्हणून पासपोर्ट मागतात. त्याची नक्कल करून तो लगेच परत घ्यावा, ठेवून देऊ नये. जे हॉटेल नावच लिहून घेत नाही त्यापासून दूर राहावे. त्या कागदावर धंदा कोणता, असा रकाना होता. आमच्यातील सर्वांत वडील काकू, वय वर्षे ६७, तेथे थबकल्या. "काय लिहू?" आम्ही म्हटले, "गृहिणी लिहा." त्यांनी लिहिले, खाली स्वतःची सही केली आणि पाने त्यांच्या हातात किल्ली दिली.

त्या रात्री काकूंनी दार लावले, किल्ली उशाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "लग्नाआधी भावाचे घर, मग सासऱ्यांचे, आता मुलाचे. मुलगा गुणी आहे, सून माझे सगळे करते. पण दाराची किल्ली माझ्या नावावर आज पहिल्यांदाच आली." आम्ही कोणीच काही बोललो नाही. मुलाविरुद्ध किंवा सुनेविरुद्ध त्यात काही नव्हते. भगिनींनो, सहलीला जावे की न जावे, हा वाद आपल्या मंडळात दर वर्षी होतो. त्या वादात काकूंचे हे वाक्य मला नोंदवून ठेवावेसे वाटते.

हॉटेलच्या दारापाशी खांबावर एक लहानसे देवघर होते. त्यात भूमीचा रक्षक देव असतो. झेंडूच्या माळा, उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली, तीही नळी घातलेली! घर बांधले की त्या जागेच्या देवतेला प्रथम जागा द्यावयाची ही त्यांची रीत. या रीतीची एक गोष्ट शहरभर सांगतात. तेथे एका मोठ्या हॉटेलाचे बांधकाम चालू असता अपघातांमागून अपघात होऊ लागले. ज्योतिषाने चतुर्मुख ब्रह्मदेवाची स्थापना करावयास सांगितली आणि १९५६ मध्ये ती झाली. एरावान, म्हणजे ऐरावत, या नावाने ते देवस्थान प्रसिद्ध आहे. १७ ऑगस्ट २०१५ रोजी तेथे बाँबस्फोट होऊन २० माणसे मेली. पुन्हा माळा वाहणाऱ्यांची गर्दी तशीच सुरू झाली. आम्हीही पाचजणींनी मिळून एक माळ वाहिली.

खाण्याचा प्रश्न बिकट वाटतो, पण सुटतो. तेथे माशाच्या अर्काचे पाणी जवळजवळ सगळ्या पदार्थांत घालतात, भाजीतसुद्धा. म्हणून नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. दोन शब्द पाठ करावेत. एक 'मांग्सविरात'; नीट ऐकले तर आपले 'मांसविरती'च. दुसरा 'चे'. पिवळ्या पताकेवर तांबडे अक्षर दिसले की ते 'चे' जेवण समजावे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसते, आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या एका सभासद बाई ते ऐकून इतक्या खूष झाल्या की पाचही दिवस त्यांनी दुसरीकडे पाहिलेच नाही. गुरुद्वाऱ्यातही लंगर असतो. आम्ही एक सकाळ तेथे जेवलो आणि दोघींनी पोळ्या लाटावयास हात लावला.

आता एक गोष्ट सांगते, ती हिशेबाचीच आहे. आमच्या खोल्या झाडणारी बाई पस्तिशीची होती. ती ईशान्येकडच्या, इसान म्हणतात त्या प्रांतातली. कोरडवाहू शेतीचा हा मुलूख. तेथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बँकॉकला कामाला येतात आणि मुले गावी आजीजवळ वाढतात. हिचीही मुलगी आजीजवळच होती. फोनमध्ये आपण मराठीत बोलावे आणि तो थाईत बोलून दाखवितो, अशी आता सोय आहे. त्या आधारे आमचे बोलणे होई. दिवसाला चौदा खोल्या, असे तिने सांगितले. तिने आम्हांला विचारले, "तुमच्या मुलांना कोण सांभाळते?" काकू म्हणाल्या, "माझी मोठी झाली. आता मी नातवंडे सांभाळते." ते ऐकून ती हसली आणि म्हणाली, "मग तुम्ही माझ्या आईसारख्या. तिला अशी सुट्टी कोण देणार?"

आता हिशेब. आम्ही रात्रीचे माणशी ३८० बात देत होतो. २०१३ मध्ये थायलंडात सर्वत्र किमान मजुरी दिवसाला ३०० बात झाली आणि जुलै २०२५ पासून बँकॉकमध्ये ती ४०० बात आहे. म्हणजे आपली 'स्वस्त' रात्र ही तिच्या जवळजवळ पूर्ण दिवसाच्या कष्टाची किंमत. खोली स्वस्त मिळते ती मालकाच्या उदारपणाने नव्हे, त्यात तिची पाठ वाकलेली असते. तेव्हा स्वस्त हॉटेलात उतरणाऱ्या बाईने निदान इतके करावे : सकाळी चादरी एका जागी गोळा कराव्यात, न्हाणीघरात केस आणि तेल सोडू नये, खरकटे पिशवीत बांधून ठेवावे, आणि निघताना उशीवर वीस-चाळीस बात ठेवावेत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंची आठवण मला तेथे फार वेळा झाली. त्यांना वर्षाकाठी भरपगारी रजा किती देतो, हा प्रश्न मी मंडळापुढे ठेवून पुढे जाते.

पडले किती, याचे उत्तर आता देते. विमानभाडे माणशी सुमारे २१ हजार. पाच रात्रींचे १९०० बात, म्हणजे ५२२५ रुपये. त्यात गेलेले ८२५ मिळविले की राहण्याचे ६०५० झाले. खाणे, आगगाडी, होड्या, तिकिटे धरून ६२०० च्या आसपास. एकूण सव्वातेहेतीस हजार. भिशीचे ३६ हजार जमले होते. उरलेल्यात घरच्यांसाठी खाऊ आला. खोलीमागे ५०० बात अनामत ठेवावी लागली होती; किल्ली दिल्यावर ती परत मिळाली. तिची पावती जपून ठेवावी. प्रवेशाचे नियम मात्र वरचेवर बदलतात. मे २०२५ पासून तेथे उतरण्यापूर्वी संगणकावर एक फॉर्म भरावा लागतो. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नयेत.

आणि भीती? वाटली तर. पहिल्या संध्याकाळी, सामान घेऊन रस्त्यावर उभ्या होतो तेव्हा वाटली. पण आम्ही पाचजणी होतो, नियम ठरलेले होते. रात्री दहानंतर एकटीने बाहेर जावयाचे नाही. हॉटेलचे नाव थाई लिपीत लिहिलेला कागद प्रत्येकीच्या पिशवीत. पासपोर्ट आणि पैसे एकाच जागी ठेवावयाचे नाहीत. अनोळखी माणसाने 'राजवाडा आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' म्हटले तर हसून पुढे चालावयाचे. ही तेथली जुनी थाप आहे. भिक्षू समोर आला तर बाईने त्याला स्पर्श होऊ देऊ नये, बाजूला व्हावे; राजघराण्याविषयी वावगा शब्द काढू नये. इतके पाळले की त्या शहरात बाईला कोणी अडवीत नाही. तेथे दुकाने, तराजू आणि गल्ले बहुतांशी बायकांच्याच हातात दिसतात.

शेवटी एक सूचना मांडते. आपल्या मंडळात अशा पुष्कळजणी आहेत, ज्यांना दरमहा दीड हजार टाकणे जमणार नाही. त्यांच्यासाठी पाचशेची भिशी तीन वर्षांची काढावी, आणि पहिली सहल परदेशी न करता हंपी किंवा सांची अशी करावी. मुक्काम स्वस्त हॉटेलातच करावा. नावनोंदणी प्रत्येकीने आपल्या हाताने करावी, सही आपली करावी आणि मागचा जिना आळीपाळीने पाहून यावा. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. काकूंनी आपले नाव पहिले दिले आहे.